गिन्ताइसीचा शाप का गाळला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा की येहे या मांचुरियातल्या जुर्चेन (पुढे मांचू म्हणवलेल्या) टोळीचा सरदार गिन्ताइसी याच्यावर लिहिताना मी मुख्य गोष्टच गाळली. आपल्या नारा कुळात एक बाई जरी उरली, तरी ती नुरहाचीचं (चीनच्या छिंग घराण्याच्या मूळ पुरुषाचं) राज्य बुडवील, हा त्याचा मरतानाचा शाप. त्याच कुळातल्या, छिंगच्या अखेरच्या काळात सत्ता गाजवणाऱ्या राजमाता त्सिशीने तो खरा केला, मग मागे उरते ती कोरडी वंशावळ, असं तुम्ही म्हणता.

शाप मी जाणूनबुजून घेतला नाही. त्या काळच्या मांचू नोंदींत तो नाही. आणि नातं तरी बघा! गिन्ताइसीची बहीण १५८८ साली नुरहाचीला दिलेली. तिचा मुलगा होंग ताईजी, आणि पुढचे सगळे छिंग सम्राट त्याच्याच वंशातले. म्हणजे शाप लागायचा तो बहिणीच्याच लेकरांना.

खरी हकीकत याहून जिव्हारी लागणारी आहे. १६०३ मध्ये ती बहीण अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला शेवटचं आईला भेटायचं होतं. नुरहाचीने निरोप धाडला. येहेचा तेव्हाचा प्रमुख, तिचा भाऊ नारिंबुलू, याने आईला पाठवलं नाही. सोळा वर्षांनी, १६१९ मध्ये, नुरहाचीने येहेला वेढा घातला. गिन्ताइसी उंच वाड्यावर चढून बसला आणि म्हणाला, भाच्याला बोलवा, त्याच्या तोंडून ऐकलं तरच उतरेन. होंग ताईजी आला. पण याने भाच्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. हाच तो, हे ओळखायचं कसं? जीव वाचेल असा शब्दही भाच्याने दिला नाही. बायको धाकट्या मुलाला घेऊन खाली उतरली, गिन्ताइसीने वाड्याला आग लावली. तो जिवंत हाती लागला आणि त्याला गळा आवळून मारलं.

बापाला शरण यायला सांगणारा मुलगा देलगर मात्र वाचला. त्याला मारू नका, हे खुद्द नुरहाचीने सांगितलं. घराणं तिथे संपलं नाही. गिन्ताइसीचा दुसरा मुलगा नियाहा, त्याचा मुलगा मिंगजू कांग्शी सम्राटाचा बडा मंत्री झाला. मिंगजूचा मुलगा नालान शिंगदे (१६५५–१६८५) सम्राटाचा अंगरक्षक होता, आणि चिनी भाषेतल्या मोठ्या कवींत आज त्याचं नाव घेतात. ज्याच्या आजोबांच्या वडिलांचा गळा आवळला, तो त्याच राजघराण्याच्या पहाऱ्यावर उभा राहिला! याला कोरडी वंशावळ म्हणायला माझं मन तयार नाही. शाप पुढे केला की ही सगळी माणसं त्याच्याआड जातात, म्हणून लेखात तो येणार नाही.