"दुसऱ्या दिवशी घरी" म्हणणाऱ्यांनो, पुढचे पंधरा दिवस कोण बघणार?

सकाळी उठल्या उठल्या एका ग्रुपवर कुणीतरी जाहिरात टाकलेली दिसली. निळा समुद्र, हसणारं जोडपं आणि खाली मोठ्या अक्षरांत : एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी एकाच दिवशी, विमानतळापासून ने-आण, हॉटेल पॅकेजमध्येच, दुसऱ्या दिवशी घरी. त्यावर धडाधड अंगठे. मी फोन उपडा ठेवला. मनात ठेवलं तर दिवसभर चिडचिड होत राहील, म्हणून लिहून टाकतेय.

"दुसऱ्या दिवशी घरी." माझा दादाही असाच परदेशात कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, करून दुसऱ्या दिवशी घरी आला होता.

तो परदेशात गेला यात त्याची काही चूक नव्हती, हे आधी सांगते. आमचे बाबा आतड्याच्या कॅन्सरने गेले. सर्वसाधारण माणसाने या कॅन्सरसाठी तपासणी ४५ व्या वर्षी सुरू करावी असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२१ साली सांगितलं, त्याआधी ५० म्हणायचे. पण आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल तर चाळिसाव्या वर्षीच करायची, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा. दादा ४६ चा. म्हणजे सहा वर्षं उशीरच झालेला. तो राहतो तिथे सरकारी रांगेत महिनोन्महिने नंबर लागत नाही आणि खासगीतला आकडा ऐकून माणूस मटकन खाली बसतो. विमा कंपनीने हात वर केले. मग त्याने तिकीट काढलं. अमेरिकेतले लोक मेक्सिकोला जातात, ब्रिटनमधले तुर्कस्तानला, कुठकुठचे भारतात आणि थायलंडमध्ये येतात. हौस म्हणून कुणी जात नाही हो.

आणि मी त्याला काय म्हणाले? "दादा, पैसे वाचवायला जिवाशी खेळतोयस." हे वाक्य मला अजून टोचतं.

वहिनीला रजा मिळाली नाही. तो एकटाच गेला. ज्यांनी ही तपासणी केलीय त्यांना माहीत आहे, खरा त्रास नळीचा नसतोच, आदल्या रात्रीचा असतो. आतडं साफ व्हावं म्हणून लिटरच्या लिटर खारट औषधी पाणी प्यायचं, अर्धं संध्याकाळी आणि उरलेलं पहाटे. दादा पहाटे तीन वाजता परक्या गावातल्या हॉटेलच्या बाथरूममध्ये, गार फरशीवर भिंतीला टेकून बसला होता. हातात दुसरी बाटली. मला मेसेज आला, "अजून निम्मी शिल्लक आहे." मी झोपले होते. सकाळी पाहिला.

भूल दिल्यावर चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही, सोबत जबाबदार माणूस हवं. त्याच्यासोबत म्हणून सही कुणी केली, तर पॅकेजवाल्यांच्या ड्रायव्हरने. त्याला दादाचं आडनावही माहीत नव्हतं.

बारा मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब, निघाला. तिथल्या तिथे तारेच्या फासाने कापून काढला. ही चांगलीच गोष्ट झाली, कारण काही पॉलिपांचा पुढे कॅन्सर होतो, त्याला बहुतेक वेळा दहाएक वर्षं लागतात आणि त्याआधी काढला तर पुढचं टळतं. बाबांचं तेच राहून गेलं. डॉक्टरांचा हात कसबी असणार, मान्य. बाहेरच्या देशांत इथल्याहून सरस डॉक्टर असतात हेही मान्य. माझं भांडण डॉक्टरांशी नाहीच.

माझं भांडण त्या "दुसऱ्या दिवशी" या शब्दांशी आहे. पॉलिप काढलेल्या जागेतून दोन आठवड्यांपर्यंत कधीही रक्त येऊ शकतं. क्वचितच येतं, पण येतं. पॅकेज विकणाऱ्यांना हे माहीत नसतं? पक्कं माहीत असतं! तरीही ते सकाळी तपासणी आणि संध्याकाळी किनाऱ्यावर फेरफटका विकतात. लाज वाटायला हवी.

दादाला सहाव्या दिवशी रक्त आलं. घरी, रात्री. तो इमर्जन्सीत पोहोचला तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं : पॉलिप केवढा होता, कुठे होता, एका तुकड्यात निघाला का, करंट देऊन कापला की नुसता, जखम बंद करायला क्लिप, म्हणजे बारीक चिमटा, लावली का? दादाने पाकीट पुढे केलं. त्यात बिल होतं, ओळ न् ओळ तपशिलाचं, अगदी ने-आणीसकट. आणि रिपोर्ट होता तीन ओळींचा, त्याला न येणाऱ्या भाषेत, सोबत एक अंधूक फोटो. बारा हा आकडा तेवढा वाचता आला. कॅमेरा मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत पोहोचला होता का, याचाही पुरावा नाही. ते पाकीट मी नंतर हातात घेतलं तेव्हा मला रडूच कोसळलं. बिल दोन पानांचं आणि माझ्या भावाचं आतडं तीन ओळींत!

मग पुन्हा तेच पाणी, पुन्हा तीच नळी, क्लिप लावून रक्त थांबवलं. पैसे शेवटी किती वाचले ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. ज्याला घराजवळ नंबरच लागत नाही त्याला "जाऊ नका" सांगणं म्हणजे "तपासू नका" सांगणं. घरात कुणाला हा आजार नसेल आणि काही त्रासही नसेल, तर दरवर्षी शौचातलं न दिसणारं रक्त तपासायची साधी चाचणी आहे, ती घरबसल्या होते. तिच्यात रक्त सापडलं तर मात्र कोलोनोस्कोपीला पर्याय नाही. दादासारख्यांना तर नाहीच.

पण जाल तेव्हा तिकीट परतीचं लगेचचं काढू नका हो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिच्याबद्दल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला, तिथे फॉर्म भरताना नव्हे. फोटो मागा, आतड्याचं टोक दिसणारे. नळी बाहेर काढताना किती मिनिटं बघितलं ते विचारा, निदान सहा तरी हवीत, आता तर आठ म्हणतात. बायोप्सीचा, म्हणजे काढलेला तुकडा तपासल्याचा, रिपोर्ट कुणाकडे, कोणत्या भाषेत आणि कधी येणार हे लेखी घ्या. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर पैसे भरू नका.

दादाचा बायोप्सी रिपोर्ट एकोणीस दिवसांनी ईमेलने आला. कॅन्सर नव्हता. तीन वर्षांनी पुन्हा तपासायचंय. तारीख माझ्या फोनमध्ये टाकून ठेवलीय आणि रजेचं आताच बोलून ठेवलंय. बाबांची मुलगी म्हणून माझीही तपासणी राहिलीच होती, ती पुढच्या महिन्यात आहे. दादा येतोय सोबत. पहाटे तीनला उठवायचं कामही त्याच्याकडेच.