लसावि सोडू नका: तिरक्या गुणाकाराच्या मेसेजला उत्तर

गोव्यात डिचोली-साखळीकडच्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बैजिक (क्ष असलेल्या) अपूर्णांकांच्या वजाबाकीत छेदांचा लसावि (LCM, सगळ्यात लहान सामाईक विभाज्य) काढत बसू नका. तिरका गुणाकार करा (प्रत्येक अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणा), छेदाला छेदाने गुणा, संपलं. नाहीतर छेद सरळ उडवा. हीच आपली जुनी भारतीय पद्धत.’ आमच्याकडे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत आणि पाचवीपासून इंग्रजीत शिकतात. छेदाचा डिनॉमिनेटर होतो आणि घरी विचारावं तर शब्दच जुळत नाहीत. अशा घरात हा मेसेज लगेच खरा मानला जातो. माझ्या शिकवणीतली मुलंही तसंच सोडवायला लागली, म्हणून लिहितेय.

मेसेजमधलं उदाहरण ३/(क्ष+१) − २/(क्ष+२). या छेदांत सामाईक अवयवच नाही, त्यामुळे इथे छेदांचा गुणाकार हाच लसावि. आता हे घ्या: ३/(क्ष²−४) − २/(क्ष²−क्ष−२). तिरक्या गुणाकाराने अंश येतो क्ष²−३क्ष+२ आणि छेद क्ष⁴−क्ष³−६क्ष²+४क्ष+८. चूक नाही, पण अंशाला आणि छेदाला (क्ष−२) ने भाग जातो हे त्या चौथ्या घाताच्या गर्दीत मुलाला दिसणार कसं? आधी अवयव पाडा: (क्ष−२)(क्ष+२) आणि (क्ष−२)(क्ष+१). (क्ष−२) दोन्हीकडे आहे, तो एकदाच घ्यायचा; म्हणून लसावि तीन कंसांचा गुणाकार. अंश ३(क्ष+१) − २(क्ष+२), म्हणजे क्ष−१. शिवाय क्ष ची किंमत २, −२ किंवा −१ चालणार नाही (छेद शून्य होतो), हेही त्या कंसांतच दिसतं.

‘जुनी पद्धत’ म्हणाल, तर भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) समच्छेद करण्याच्या, म्हणजे छेद सारखे करण्याच्या, दोन्ही वाटा एकाच श्लोकात दिल्यात. एकमेकांच्या छेदांनी गुणा, किंवा सामाईक भाग काढून उरलेल्या छेदांनी गुणा. ही दुसरी वाट त्यांनी शहाण्यांची म्हटली आहे, आणि ती लसाविचीच.

‘छेद उडवा’ हे सगळ्यात घातक. समीकरणात दोन्ही बाजूंना एकाच राशीने गुणतो, म्हणून छेद जातात. नुसत्या वजाबाकीला दुसरी बाजूच नसते. १/२ − १/३ चे छेद उडवले की ३ − २ = १. अर्ध्या नारळातून एक तृतीयांश काढला आणि अख्खा नारळ उरला?

आणि मेसेजमधल्या उदाहरणाचं, ३/(क्ष+१) − २/(क्ष+२) चं, उत्तरच चुकलंय. तिथे अंश क्ष+८ दिलाय. ३(क्ष+२) − २(क्ष+१) मध्ये वजाचं चिन्ह कंसातल्या दोन्ही पदांना लागतं: ३क्ष+६−२क्ष−२. कंस न घालता लिहिलं की −२ चे +२ होतात. वर्गात एका मुलीला क्ष = १ घालायला सांगितलं. मेसेजच्या उत्तरातून आले ९/६, म्हणजे दीड. तिने वर पाहिलं, ‘पण टीचर, दीडातूनच तर वजा करत होतो ना?’ मग स्वतःच चिन्ह बदलून क्ष+४ केलं आणि ५/६ काढले.