शेजारच्या टेबलावरचा आकडा

पगार वाढला की समाधान वाढतं, असं एका लेखात वाचलं; ते मला अर्धंच पटलं. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही कर्मचाऱ्यांना त्यांनी सहकाऱ्यांचे पगार दाखवणारं संकेतस्थळ सांगितलं. बरोबरीच्यांपेक्षा कमी पगार असणाऱ्यांची नाराजी वाढली. जास्तवाल्यांना मात्र वेगळा आनंद झालाच नाही. म्हणजे मागे पडणारा दुखावतो आणि पुढे असणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही! वाढीचं पत्र हातात घेऊन खुशीत असलेला माणूस शेजारच्या टेबलावरचा आकडा कळताच कसा कोमेजतो, हे मी पाहिलंय. रक्कम तीच असते. तरी पगार गुप्त ठेवा असं मी म्हणणार नाही, त्यात खरा अन्यायही झाकला जातो.