५३ मिनिटं? कोणत्या विमानाची?

दोन दिवस झाले, तरी डोकं शांत होत नाहीये. आडबाजूचे दोन छोटे विमानतळ, त्यांच्यातलं अंतर आणि लागणारा वेळ, एवढंच रात्री नेटवर बघितलं होतं. उत्तर झटक्यात आलं: ३१० किलोमीटर, ५३ मिनिटं. मावशी आयसीयूत. घरच्यांना सांगितलं, सकाळच्या विमानाने येतो. सकाळी तिकीट काढायला बसलो, तर या दोन विमानतळांमध्ये विमानच नाही! त्या दिवशी नव्हतं असं नाही, मुळात कधीच नसतं. मग ही ५३ मिनिटं आली कुठून?

हिशोब लावून बघितला आणि आणखीच भडकलो. दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यांत जवळची रेघ ओढायची, ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास वर टाकायचा. २३ अधिक ३०. विमान आहे की नाही, हा प्रश्न त्यात कुठे येतच नाही. आणि ताशी ८०० हा जेटचा वेग! आखूड धावपट्टीवर येतात ती एटीआरसारखी पंख्यांची विमानं, ती ताशी ५०० च्या आसपास जातात.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सगळ्यांत छोटं नियमित उड्डाण आहे. जेमतेम २.७ किलोमीटर, वेळापत्रकात २ मिनिटं. हेच सूत्र तिथे लावा, उत्तर येतं अर्धा तास! नेपाळमधल्या लुक्ल्याची धावपट्टी ५२७ मीटरची, भर डोंगरात, आणि दुपारी वारा वाढला की उड्डाणं थांबतात. तिथे रेघेची लांबी मोजून कुणाला काय कळणार? छोट्या विमानतळावर सगळं हवेवर, उजेडावर आणि त्या दिवशी विमान येतंय की नाही यावर असतं.

मला आधी उलट्या दिशेला, मोठ्या विमानतळावर जावं लागलं. तिथे सहा तास बसून. पुढचं विमान आठवड्यातून तीनच दिवस, नशिबाने त्यातला एक दिवस निघाला. एकूण साडेअकरा तास! तेवढ्या वेळात घरून चार फोन आले, "कुठवर आलास?" काय सांगणार होतो मी?

लांबच्या छोट्या गावांतली माणसं असले आकडे उगाच गंमत म्हणून शोधत नाहीत. कुणाला दवाखान्यात पोचायचं असतं, कुणाला मयतीला. हे आकडे मांडणाऱ्यांना एवढंही सुचू नये? ५३ मिनिटांच्या वर "थेट विमान नाही" हे तीन शब्द लिहायला काय जातं यांचं? ते दिसले असते तर मी रात्रीच गाडी काढली असती आणि सकाळी मावशीजवळ असतो.