त्या खुर्चीवाल्याची मशीद

आज सकाळी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा तो फोटो आला. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जळणारे दोन मनोरे, आणि खाली मजकूर: 'यांना इथे मशीद बांधायची होती. अमेरिकेने बांधू दिली नाही. शिका काहीतरी.' त्याखाली सतरा अंगठे. त्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी मी जेवले आहे. ग्रुपवर काही बोलले नाही, पण दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आता न्यू जर्सीला घरी जाताना पाथ ट्रेनमध्ये बसून लिहिते आहे.

'इथे' म्हणजे कुठे हो? ज्या इमारतीच्या जागी ती होणार होती, ती पार्क प्लेस या रस्त्यावर होती, मनोऱ्यांच्या जागी झालेल्या स्मारकापासून दोन गल्ल्या दूर. कोटांचं जुनं दुकान होतं. 11 सप्टेंबर 2001 ला विमानाचा तुकडा तिच्या छतातून आत घुसला आणि दुकान बंद पडलं ते पडलंच. तिथे मुसलमानांचं 13 मजली केंद्र व्हायचं होतं: पोहण्याचा तलाव, बास्केटबॉलचं मैदान, सभागृह आणि नमाजाची जागा. आजूबाजूच्या गल्ल्यांत बार होते, बायका नाचवणारा क्लब होता. त्यांच्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या.

ऑगस्ट 2010 मध्ये बाबा माझ्याकडे आले होते. 'जिथं ते मनोरे पडले ती जागा दाखव' म्हणाले. शुक्रवार होता, उन्हाचा नुसता कहर. कुंपणापाशी तासभर उभे राहिले आणि परत येताना पार्क प्लेसवर त्यांना घेरी आली. मी घाबरले. समोर दोघंतिघं त्या केंद्राविरुद्ध पाट्या घेऊन ओरडत होते, आणि त्या जुन्या दुकानातून नमाज आटपून माणसं बाहेर पडत होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं आतून घडीची खुर्ची आणली. 'बैठिए चाचा.' पाण्याची बाटली दिली, पुठ्ठ्यानं वारा घातला. बाबा म्हणाले, 'आप भी पीजिए.' तो हसला. 'रोज़ा है.'

बाबा गप्पच झाले. एसटीत 34 वर्षं काढलेला माणूस, सहसा गप्प न बसणारा.

ज्यांचं माणूस तिथे गेलं आणि ज्यांना ती इमारत बघवली नसती, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. तेवढं मान्य. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीच्या भिंतीला लागून कार्मेलाइट पंथाच्या ख्रिस्ती जोगिणींनी मठ थाटला होता, त्यांना 1993 साली खुद्द पोपनं हलायला सांगितलं, तेही मला पटतं. पण ती इमारत छावणीचीच होती, तिथे विषारी वायूचे डबे ठेवायचे. पार्क प्लेसवर काय होतं? कोट होते.

आणि मुसलमान त्या जागेला नवीन होते का? दक्षिण मनोऱ्याच्या 17व्या मजल्यावर नमाजाची खोली होती. त्या दिवशी कामावर आलेले मुसलमानही मेले. सलमान हमदानी 23 वर्षांचा होता, पोलिसांचा कॅडेट, मदतीला धावला. तो बेपत्ता होता तेव्हा त्याच्यावरच संशय घेतला गेला. सापडला तो ढिगाऱ्यात. त्याच्या आईला जाऊन म्हणा, 'इथे तुमचं काही नाही.'

सेंट निकोलस चर्च दक्षिण मनोऱ्याखाली चिरडलं गेलं होतं. ते 2022 साली पुन्हा उभं राहिलं, अगदी स्मारकावर नजर ठेवून. संध्याकाळी आतून उजळतं तेव्हा मी दर वेळी थांबते. फार सुंदर आहे. तिथली प्रार्थना चालते, मग दोन गल्ल्या पलीकडची का नाही?

ब्लूमबर्ग न्यूयॉर्कचे महापौर होते तेव्हा. 3 ऑगस्ट 2010 ला पाठीशी स्वातंत्र्यदेवी घेऊन स्वच्छ सांगितलं त्यांनी, की खाजगी जागेवर कुणी कशी प्रार्थना करावी हे सरकारनं ठरवायचं नाही. त्या दिवशी या शहराचा अभिमान वाटला होता.

आपल्यालाही हे कळायला हवं, कारण आपणही इथे परकेच आहोत. न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला बालाजीच्या दर्शनाला जातो ना आपण? त्याच गावानं 2011 साली नियम बदलून एक मशीद अडवली आणि शेवटी खटल्याच्या तडजोडीत 77.5 लाख डॉलर मोजले. उद्या तोच नियम आपल्या देवळावर आला तर हे सतरा अंगठे कुठे असतील?

नाही, रागानं बोलते आहे. तुम्ही वाईट माणसं नाही. तुम्हाला ती खुर्ची कुणी दिली नाही, एवढंच.

बाबा परत गेल्यावर दर दोनतीन महिन्यांनी फोनवर विचारायचे, 'त्या खुर्चीवाल्याची मशीद झाली का गं?' मी सांगायचे, अजून नाही बाबा. नंतर ते केंद्र बारगळलं हे त्यांना सांगायचा धीरच झाला नाही. 'चाललंय काम' एवढंच मी म्हणायचे. ते गेले तेव्हाही त्यांना तेवढंच माहीत होतं.

आज ऑफिस सुटल्यावर मुद्दाम पार्क प्लेसवरून गेले. तिथे आता 43 मजली काचेचा मनोरा आहे, श्रीमंतांच्या फ्लॅटांचा. खुर्ची नेमकी कुठे ठेवली होती, ते शोधत बराच वेळ फुटपाथवर उभी होते. जागा काही सापडली नाही.