6/6 म्हणे!

डोकं फिरलंय माझं म्हणून लिहितेय. पोरगी दुसरीत. शाळेत दोन वर्षं नेत्रतपासणी झाली, दोन्ही वेळा कार्डावर 6/6, नॉर्मल, वर शिक्का. आणि परवा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून दीड तास काढून नौपाड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तर उजवा डोळा 6/24!! म्हणजे आपल्याला 24 मीटरवरून वाचता येतं ते तिला त्या डोळ्याने 6 मीटरवर आल्यावर दिसतं.

तपासणी कशी झाली ते तिनेच सांगितलं. व्हरांड्यात तक्ता, अख्खा वर्ग लायनीत, पुढचा मोठ्याने वाचतोय, मागचे ऐकतायत, हिचा नंबर येईपर्यंत तक्ता पाठ! डोळा झाकायचा तो स्वतःच्याच हाताने, बोटांच्या फटीतून सगळं दिसतं की. डॉक्टरांनी काय केलं माहितीये? समोर छोटं चित्र धरलं, डावा डोळा झाकला, उजवा लगेच सरकून जागेवर आला. सापडला तिरळेपणा. अर्धं मिनिट. चाळीस पोरांना वीस मिनिटं लागली असती हो!

हिचा तिरळेपणा बारीक आहे, वरवर बघून कळतच नाही, आणि पोर तक्रार तरी काय करणार, चांगला डोळा भागवून नेतो ना, मेंदू दुसऱ्याचं चित्र बाजूला टाकतो आणि तो डोळा आळशी पडत जातो. सात-आठ वर्षांच्या आत पकडला तर बरं, नंतर अवघड होत जातं. हिला सात पूर्ण झालीत. दोन वर्षं गेली माझी! टीचरचा शेरा काय, तर 'फळ्याकडे लक्ष नसते'. सासूबाई म्हणतात, "अगं, जरा चकणं असलं की नशीबवान असतं." नशीबवान, डोंबल!

सरकारी शाळांत निदान राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तरी आहे, 2013 पासून. आमच्या फीवाल्या शाळेत चष्म्याच्या दुकानातली दोन पोरं आली आणि कार्डासोबत फ्रेमवर डिस्काउंटचं कूपन देऊन गेली. मीही शहाणी, ते कार्ड फ्रिजवर लावलं होतं.

आता चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज 2 तास पट्टी. काढताना भुवईचे केस ओढले जातात, रोज रडारड.

आज ग्रुपवर मेसेज, शुक्रवारी नेत्रतपासणी, 100 रुपये पाठवा. पोरगी विचारते, "आई, तीच अक्षरं असतील ना? मला येतात."