खिडकीला ‘कुठलंही पारदर्शक प्लास्टिक’?

मॉडेल-गाड्या बनवणाऱ्यांत एक सल्ला सतत फिरतो : किटमधली (जोडायच्या सुट्या भागांच्या संचातली) काच फेकून द्या, खोक्यावरचं कुठलंही पारदर्शक प्लास्टिक कापा, सुपरग्लूने चिकटवा, पिवळं पडलं तर उत्तमच, जुन्या हॉट-रॉडचा, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाडीचा, लूक येतो. ऐकायला झकास, पण चारांतलं जेमतेम अर्धं कलम टिकतं.

‘किटची काच फेका.’ 1932 च्या फोर्ड कूपेपुरतं (दोन दारांची, बंद छताची गाडी) मान्य. किटची पॉलिस्टायरीनची काच साधारण 1 मिमी जाड असते; 1:25 प्रमाणात ती खऱ्या गाडीत अडीच सेंटिमीटर होते, म्हणजे बुलेटप्रूफच! खरी काच सुमारे 6 मिमी, म्हणून पाव मिलिमीटरची शीट शोभते. शिवाय त्या फोर्डच्या काचा सपाट. पण काचेला दोन दिशांनी बाक असेल, तर शीट एकाच दिशेने वळते आणि फ्रेमपासून सुटते. तिथे किटचीच काच बारीक पॉलिशपेपरने घासून चकचकीत करा, किंवा पीईटीजी (तापवलं की मऊ होणारं पारदर्शक प्लास्टिक) तापवून साच्यावर ओढा.

‘कुठलंही चालतं.’ नाही चालत. अ‍ॅसिटेट सुबक कापलं जातं, पण ओलावा शोषून वाकतं (मुंबईचा पावसाळा आठवा), आणि वर्षांनी आकसून व्हिनेगरसारखा वास सोडतं. पीईटीजी किंवा पॉलिएस्टरची शीट त्या मानाने स्थिर.

‘पिवळेपणा म्हणजे जुना काळ.’ हे सगळ्यात गोड आणि सगळ्यात चुकीचं. सुरुवातीच्या लॅमिनेटेड (दोन काचा एकत्र चिकटवलेल्या) काचेत मधे सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचा थर असे, तो उन्हाने पिवळा पडायचा, हे खरं. पण तशी काच गोदामात सडणाऱ्या गाडीला शोभते. हॉट-रॉडचं छत कापून बुटकं केलं की काचाही नव्याने कापाव्या लागत. मग पिवळी कुठून येणार? आणि कॅलिफोर्नियातल्या म्यूरॉक, एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर वेगासाठी धावणारी पोरं मडगार्डांसोबत पुढची काचही बऱ्याचदा काढूनच टाकत. 1940 च्या दशकातला शर्यतीचा रोडस्टर (उघड्या टपाची गाडी) करत असाल, तर प्लास्टिक निवडायचा प्रश्नच मिटला.

‘सुपरग्लू लावा.’ त्याची वाफ काचेवर पांढरी धूसर साय धरते. किटचे स्टायरीनचे भाग जोडणारा सिमेंट पॉलिएस्टरला धरतच नाही. पांढरा पीव्हीए गोंद, आपला फेविकॉल, टाचणीने कडेला लावा. सुकला की पारदर्शक होतो, आणि सांडलेला ओल्या कापसाने पुसता येतो.